तोंड फिरवणाऱ्या लेकरांसाठी बोराएवढे लाडू

माझा धाकटा सव्वा वर्षाचा झाला आणि त्याने एकाएकी जेवण सोडलं. आदल्या महिन्यापर्यंत वरणात कुस्करलेली भाकरी वाटीभर खाणारं लेकरू, घास तोंडाजवळ नेला की मान फिरवायचं आणि ओठ घट्ट मिटून घ्यायचं. उरलं काय, तर बाटलीभर दूध आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. घरातली मोठी माणसं म्हणायची, "काहीतरी पोटात जातंय ना, जाऊ दे." मीही दोन महिने तेच म्हणत राहिले.

मग औशाहून माय आली. तिने डब्यातून खजूर-तिळाचा लाडू काढला, त्याच्या चार बोराएवढ्या गोळ्या वळल्या, ताटलीत ठेवून ताटली त्याच्यापुढे सरकवली आणि स्वतः शेंगा फोडत बसली. ना "खा रे" म्हणाली, ना त्याच्याकडे बघितलं. पाच मिनिटांनी त्याने एक गोळी उचलली, दाबली, चाटली आणि खाल्ली. तोच लाडू मी आठ दिवस त्याच्या तोंडाशी धरत होते. लाडू त्याला नको नव्हता. मोठा गोळा आणि माझा हात, या दोन गोष्टी त्याला नको होत्या.

हे सगळं पहिल्यांदाच करणाऱ्या आयांसाठी आणि बाबांसाठी लिहितेय. लेकरू एक ते चार वर्षांचं, खायला नखरे करणारं, घरात ओव्हन नाही आणि वेळ अर्धा तास, असं धरून चाला. ओव्हन नसल्याने काही अडत नाही. आपल्याकडचा बहुतेक गोड खाऊ तवा, कढई आणि हात एवढ्यावरच होत आलाय.

आधी भूक समजून घ्या

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते, आणि नेमकं त्याच वेळी लेकरू चालायला लागतं, त्याला बघायला शंभर गोष्टी असतात. म्हणजे सव्वा-दीड वर्षाला जेवण कमी होणं हा बहुतेक वेळा आजार नसतो. त्याच सुमाराला अनोळखी पदार्थाची भीतीही सुरू होते. काल खाल्लेली भाजी आज नको, हिरवं दिसलं की नको, दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की नको. नवा पदार्थ लेकराने स्वीकारायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण तिसऱ्या वेळी "याला आवडतच नाही" असं ठरवून मोकळे होतो.

दुसरी गोष्ट दुधाची. वर्षानंतर दिवसाला दोन कप, म्हणजे ४०० ते ५०० मिली दूध पुष्कळ झालं. त्यापेक्षा जास्त दूध पोटात गेलं की जेवणाला जागा उरत नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नसतं. चहाचं तर त्याहून वाईट. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. आपल्या गल्लीतली दर तीन लेकरांतली दोन, असं डोळ्यापुढे आणलं की चहा-बिस्किटाची बशी आपोआप मागे सरकते. मी आधी चहा बंद केला, मग दूध कमी केलं. चौथ्या दिवशी पोराला भूक लागली.

लेकराचं पोट लहान असतं, त्यामुळे तीन जेवणांत त्याचं भागत नाही. मध्ये दोन वेळा खाऊ लागतोच. म्हणून हा खाऊ चैनीचा समजू नका, ते छोटं जेवणच आहे. त्यात काहीतरी धान्य किंवा डाळ, काहीतरी दाणे किंवा तूप, आणि गोडीसाठी फळ किंवा खजूर असला पाहिजे. पुढचे सगळे प्रकार याच हिशोबाने केलेत.

सामान आणताना

मराठवाड्यात आपलं नशीब चांगलं आहे. लागतं ते सगळं गावच्या बाजारात मिळतं.

शेंगदाणे आणले की परातीत पसरून निवडा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा डाग असलेले आणि कडवट लागणारे दाणे काढून टाका. पावसात भिजलेल्या शेंगांवर जी बुरशी येते ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला घातक असतं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. म्हणून कूट विकत आणू नका. दाणे बघून, घरी भाजून, घरीच कुटा.

तीळ गावरान घ्या, सालीसकट, थोडे मातकट रंगाचे. दुकानात पांढरे शुभ्र चकचकीत दिसतात ते बहुतेक वेळा साल काढलेले असतात, आणि तिळाचं कॅल्शियम बरंचसं सालीत असतं. सालीसकट १०० ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, १०० ग्रॅम दुधात सव्वाशेच्या आत. तिळातलं सगळं अंगी लागत नाही हे खरं, तरी चमचाभर तीळ रोज पोटात गेले तर फायदाच आहे.

डाळवं म्हणजे साल काढलेली फुटाण्याची डाळ, आपण चिवड्यात घालतो ती. ती आधीच भाजलेली असल्याने नुसती मिक्सरमधून काढली की पीठ तयार. १०० ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिनं असलेलं, न शिजवता खाता येणारं आणि स्वस्त असं दुसरं पीठ मला माहीत नाही.

खजूर मऊ, काळसर आणि बी काढलेला घ्या. पण प्रत्येक खजूर स्वतः उघडून बघा. पाकिटावर 'बिनबियांचा' लिहिलेलं असलं तरी एखादी बी सापडते, कधी आत कीड असते. खारीक असेल तर ती कडक उन्हात दोन दिवस वाळवा, फोडून बी काढा आणि पूड करून ठेवा. थंडीत खारकेची पूड फार उपयोगी पडते.

ज्वारी घरचीच असेल. बियाणं घेणारे शेतकरी असाल तर एक सांगते. आमच्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाचं वाण दिलंय. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. घरात लहान लेकरं असतील तर घरच्या खाण्यापुरतं तरी ते पेरायला हरकत नाही.

आता गुळाबद्दल. आपल्याकडे गूळ म्हणजे पौष्टिक असं धरूनच चालतात. गुळात लोह थोडंफार असतं, पण लेकराच्या लाडवात जेवढा गूळ जातो त्यातून फारसं काही मिळत नाही. बाकी ती साखरच. बालरोगतज्ज्ञ दोन वर्षांपर्यंत वरून साखर देऊ नका म्हणतात, त्यात गूळही आला. म्हणून दोन वर्षांच्या आत गोडी फळाची आणि खजुराची. पुढे गूळ घातलात तर थोडा, आणि पिवळाधमक नको. तो रंग आणायला गुऱ्हाळावर रसायन वापरतात. काळपट, ओबडधोबड गूळ बरा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, बोटाला लावून चाटवायलाही नको. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला विषबाधा होऊ शकते.

घशात अडकू नये म्हणून

पाककृतींच्या आधी हे सांगते, कारण यात चूक झाली तर ती सुधारता येत नाही. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा, फुटाणा, काजू, बदाम, मक्याच्या लाह्या यातलं काहीही लेकराच्या हातात द्यायचं नाही. या वयात दाणा नीट चावता येत नाही, आणि हसता-रडताना दाणा श्वासनलिकेत जातो. दाणे कुटून, बारीक पूड करूनच द्यायचे. द्राक्ष लांबीत चिरून चार फोडी करायच्या. चिक्की, कडक गुडदाणी आणि संक्रांतीचा साखरेचा हलवा या वयाला नकोच.

बोरन्हाणाच्या वेळी तर डोळ्यात तेल घालून बघा. लेकराच्या डोक्यावरून बोरं, भुईमुगाच्या शेंगा, हलवा, उसाचे करवे ओततो आणि आजूबाजूची पोरं वेचायला धावतात. त्या गर्दीत मधोमध बसलेलं लेकरू काय उचलून तोंडात घालतंय ते कुणी बघत नाही. आमच्याकडे आता ओतायला मुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घेतो, बोरं-हलव्याची ताटं बाजूला ठेवतो आणि एक जण फक्त लेकराच्या हाताकडे लक्ष ठेवायला बसतो.

खाताना लेकरू बसलेलं असावं. पळत, झोपून किंवा गाडीवर पुढे बसून खाणं नको. तरी कधी अडकलंच आणि खोकताही येत नसेल, आवाजही निघत नसेल, तर त्याला पुढे वाकवा आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने जोरात पाच थापा मारा. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेने पाच झटके द्या. निघेपर्यंत थापा आणि झटके आळीपाळीने चालू ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. न दिसणारा तुकडा बोटाने शोधू नका, तो आणखी आत जातो. दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा.

शेंगदाणे आणि तीळ आजवर दिले नसतील तर पहिल्यांदा दोन्ही एकाच दिवशी देऊ नका. सकाळी, घरी असताना, अर्धा चमचा बारीक कूट दह्यात किंवा केळ्यात कालवून द्या आणि दोन तास लक्ष ठेवा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या किंवा श्वास घरघरला तर लगेच दवाखाना गाठा. आधीपासून त्वचेचा मोठा त्रास किंवा दुसरी कसली ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिला प्रकार: केळं आणि डाळवं

नवख्यांनी इथून सुरुवात करावी. गॅसही पेटवावा लागत नाही. सालीवर काळे ठिपके आलेलं एक पिकलेलं केळं घ्या. अर्धापूरची केळी मिळाली तर उत्तमच. काट्याने गुठळी न ठेवता कुस्करा. त्यात चार चमचे डाळव्याचं पीठ, एक चमचा दाण्याचं बारीक कूट आणि चिमटीभर विलायची पूड घाला. मिसळून पाच मिनिटं तसंच ठेवा, म्हणजे पीठ केळ्याचा ओलावा पिऊन घेतं. इथे सगळ्यांची घाई होते. लगेच चिकटतंय म्हणून पीठ घालत गेलात तर गोळी कोरडी होते आणि टाळूला चिकटून बसते. पाच मिनिटांनंतरही हाताला लागत असेल तरच आणखी चमचा-दोन चमचे पीठ घाला. तुपाचा हात लावून बोराएवढ्या गोळ्या वळा आणि हलक्या चपट्या करा.

आठ-दहा गोळ्या होतात. त्याच दिवशी संपवा. संध्याकाळपर्यंत काळ्या पडतात, उन्हाळ्यात वासही येतो.

खजूर-तिळाचे लाडू

मायचे लाडू हेच. माझी वाटी आमटीची, साधारण दीडशे मिलीची आहे.

सामान: बी काढलेला खजूर १ वाटी (१५० ग्रॅम), शेंगदाणे पाऊण वाटी (७० ग्रॅम), तीळ अर्ध्या वाटीला थोडे कमी (३५ ग्रॅम), तूप १ चमचा, विलायची चिमटीभर.

१. जाड बुडाच्या कढईत दाणे मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजा. साल तडकली, दाणा फोडल्यावर आत फिकट बदामी दिसला की उतरवा. गार झाल्यावर चोळून सालं पाखडून काढा. सालीचा तुरटपणा मोठ्यांना कळत नाही, लेकराला बरोबर कळतो.

२. त्याच कढईत तीळ घाला आणि सतत हलवा. तडतडायला लागले, एक-दोन उडाले की लगेच ताटात काढा. कढईत ठेवले तर गॅस बंद केल्यावरही जळतात, आणि जळलेल्या तिळाचा कडवटपणा कशानेही झाकत नाही.

३. दोन्ही पूर्ण गार होऊ द्या. मग मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. दोन सेकंद चालू, मग बंद. सलग फिरवलात तर तेल सुटून लगदा होतो. पूड बारीक हवी. बोटांच्या चिमटीत दाण्याचा खडा लागला तर पुन्हा फिरवा. लहान लेकरासाठी मी पूड चाळून घेते.

४. तूप गरम करून त्यात चिरलेला खजूर घाला आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं उलथण्याने दाबत राहा. खजूर फार कोरडा असेल तर दोन चमचे पाणी घाला आणि ते आटू द्या. पाणी राहिलं तर लाडू टिकत नाहीत.

५. गॅस बंद करून पूड आणि विलायची घाला. हाताला सोसेल इतपत कोमट झालं की मळा आणि बोराएवढे वळा. गार झाल्यावर मिश्रण फुटत असेल तर पुन्हा अर्धा मिनिट कढईत गरम करा, वरून तूप ओतत बसू नका.

साधारण सतरा लाडू होतात, एकेक पंधरा ग्रॅमचा. मी हिशोब केला तेव्हा एका लाडवात साठेक कॅलरी आणि दीड ग्रॅमच्या वर प्रथिनं निघाली. दोन-तीन वर्षांच्या लेकराला दिवसाला हजाराच्या आसपास कॅलरी लागतात. तेव्हा एका वेळी दोन लाडू पुरेत. तिसरा मागितला तर पुढच्या वेळेला. दीड वर्षाच्या आतलं लेकरू असेल तर लाडू कोमट दुधात मोडून चमच्याने द्या.

हे जमलं की बदल करा. थंडीत निम्म्या खजुराऐवजी खारकेची पूड आणि दोन चमचे गरम दूध घाला, मात्र असे लाडू दोन दिवसांत संपवा. चमचाभर भाजलेल्या जवसाची पूड घातली तरी चव बदलत नाही. सुकं खोबरं घालायचं तर किसून, भाजून, बारीक करून.

मलिदा

मलिदा आपल्याकडे खंडोबाला होतो, दर्ग्यात होतो, आणि उरलेल्या पोळीचा घरीही होतो. लेकरांसाठी याहून सोपा प्रकार नाही. अर्धी गरम भाकरी, तव्यावरची पहिली मऊ असते ती, किंवा एक पोळी घ्या. गरम असतानाच बारीक कुस्करा. भाकरीच्या कडा कडक असतात, त्या काढून ठेवा. दोन खजूर गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून चमच्याने चिरडा आणि भाकरीत मिसळा. वर चमचाभर तूप, चमचाभर दाण्याचं कूट. हाताने मळून मुटके वळा. दोन वर्षांच्या पुढच्याला खजुराऐवजी सुपारीएवढा गूळ चालेल.

शिळ्या भाकरीचा मलिदा करायचा असेल तर आधी थोड्या गरम दुधात भिजवा. कोरड्या भाकरीचा भुगा लेकराच्या घशात बसतो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात उंड्यांचा (वाफवलेल्या पिठाच्या गोळ्यांचा) असाच काला करून आमच्या आजीने सगळ्या नातवंडांना एका परातीतून भरवलेलं मला आठवतं. बाकीच्या पोरांबरोबर खाताना न खाणारंही खायचं.

लाह्यांचं पीठ

नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडतो, उरतात त्या दळून ठेवा. एरवी बाजारातून आणा. लाह्या कढईत कोरड्या गरम करून मिक्सरमधून काढा आणि बारीक चाळणीने चाळा. न फुटलेले कडक दाणे चाळणीत राहतात, ते टाकून द्या. हे पीठ शिजलेलं असल्याने दूध, दही, केळं, कशातही कालवता येतं. वाटीभर पिठात तीन-चार खजुरांचा लगदा, दोन चमचे कोमट दूध आणि चमचाभर तूप घालून मळलं की पेढ्यासारखं होतं. पेढे वळून वर अंगठा दाबा.

कच्चं ज्वारीचं, बेसनाचं किंवा गव्हाचं पीठ मात्र असं कालवून देऊ नका. न शिजलेल्या पिठात जंतू असू शकतात आणि ते पचतही नाही. पीठ वापरायचं तर खमंग भाजूनच.

उन्हाळ्यात

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की लेकरं कोरडं काही खात नाहीत, आणि देऊही नये. तेव्हा चक्का करा. अर्धा लिटर ताजं, गोड दही स्वच्छ फडक्यात बांधून दोन-तीन तास टांगा, फ्रिज असेल तर चाळणीत ठेवून फ्रिजमध्येच. बाहेर जास्त वेळ राहिलं तर आंबट होतं आणि लेकरू तोंड वाकडं करतं. त्यात पिकलेल्या केसर आंब्याचा रस आणि चिमूटभर विलायची. साखर लागतच नाही. मोसंबी असेल तर खाऊबरोबर दोन फोडी द्या, बिया आणि पांढरी साल काढून. त्यातलं क जीवनसत्त्व डाळव्या-तिळातलं लोह अंगी लागायला मदत करतं.

दिवाळीच्या आसपास बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं येतात, तेव्हा चक्क्यात त्यांचा गर घालतो. गर चाळणीवर घासून काढा आणि बिया मोजल्यासारख्या वेगळ्या करा. सीताफळाच्या बिया विषारी असतात, फुटलेली बी तर मुळीच जाता कामा नये.

ताटलीत ठेवताना

खाऊ चांगला झाला तरी दोन चुकांमुळे वाया जातो. पहिली चूक म्हणजे लाच. "भाजी खाल्लीस तर लाडू देते" म्हटलं की लेकराला कळतं, भाजी ही शिक्षा आणि लाडू हे बक्षीस. मग भाजी आणखी नकोशी होते, लाडू आणखी हवासा. मी लाडू जेवणाच्या ताटातच ठेवते, वरण-भाकरीच्या शेजारी, एकच. त्याने आधी लाडू खाल्ला तर खाल्ला. पहिले आठ दिवस तो लाडवावरच तुटून पडायचा. नंतर लाडवाचं अप्रूप संपलं आणि भाकरीकडेही हात जायला लागला.

दुसरी चूक जबरदस्तीची. काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते आपण ठरवावं, किती खायचं ते लेकराने. ताटली वीस मिनिटं ठेवा, नाही खाल्लं तर न बोलता उचला. पुढचं खाणं दोन-अडीच तासांनी, मध्ये फक्त पाणी. हे लिहायला सोपं आहे. रडणारं लेकरू आणि "उपाशी ठेवलं पोराला" म्हणणाऱ्या आत्याबाई समोर असताना अवघड आहे, मला माहीत आहे. मी आत्याबाईंनाच लाडू वळायला बसवलं आणि पोराला त्यांच्या मांडीवर. त्याने पिठात हात घातले, अर्धं सांडलं, उरलेलं चाटलं. स्वतः वळलेली वाकडी गोळी तो नेहमी खातो. मोबाइल दाखवून भरवणं मात्र सोडाच. पोट भरलंय हे त्याला कळतच नाही.

नवीन चव आणताना जुनी पूर्ण काढू नका. ताटलीत दोन ओळखीच्या गोळ्या, शेजारी एक नवी. नवी तशीच परत आली तर दोन दिवसांनी पुन्हा ठेवा.

खजूर दाताला चिकटतो, म्हणून खाऊनंतर पाणी प्यायला द्या आणि रात्री झोपताना दात घासा. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. खजूर-तिळाचे लाडू कोरड्या स्टीलच्या डब्यात थंडीत आठवडाभर टिकतात, उन्हाळ्यात तीन-चार दिवस. दाण्याला खवट वास आला की डबा रिकामा करा.

खाऊने भागत नाही तेव्हा

वजन दोन-तीन महिने वाढलंच नाही, लेकरू फिकट दिसतं, दमतं, माती किंवा खडू खातं, प्रत्येक घट्ट घासाला ओकारी येते, किंवा सगळं मिळून चार-पाचच पदार्थ खातं, तर लाडवांचे प्रयोग थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. माती खाणं अनेकदा रक्त कमी असल्याची खूण असते. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या आणि कार्डावरची रेघ स्वतः बघा, वर चाललीय की आडवी पडलीय ते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं औषध सरकारी योजनेतून मिळतं, आशाताईंना विचारा. वर्षाच्या पुढच्या लेकरांना जंताचं औषधही वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमाराला देतात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, तीही चुरून पाण्यात.

दवाखान्यात जाताना आधीच्या तीन दिवसांत लेकराने काय आणि किती खाल्लं ते कागदावर लिहून न्या. दूध, बिस्कीट, शेजारच्या काकूंनी दिलेलं चॉकलेट, चहाचे दोन घोट, सगळं धरून. माझ्या कागदावर तीन दिवसांत सव्वीस बिस्किटं निघाली होती.